थोरली, धाकटी आणि मधला जोड

आमच्याकडे दोन गाड्या होत्या आणि घर एकही नव्हतं. हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना हसत हसत ऐकवलं, पण मंदीच्या त्या वर्षी ते शब्दशः खरं होतं. नवऱ्याची कंपनी तिच्या अर्धवट टॉवरांसकट बसली. अबुधाबीतला फ्लॅट कंपनीचाच, त्यामुळे नोकरीबरोबर छप्परही गेलं. बिल्डिंगमधून रोज कुणी ना कुणी खोकी बांधून निघत होतं. लिफ्टमध्ये भेटणारे लोक ‘कसे आहात’ विचारायचं सोडून ‘कधी निघताय’ विचारायला लागले होते.

त्याच सुमाराला नवऱ्याच्या ऑफिसातला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत चालला होता. त्याच्याकडे मोटरहोम होतं, म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि अंग चोरून वापरायचं एक न्हाणीघर. त्या घराच्या मागे लोखंडी दांडीनं जोडलेली एक बुटकी फोर बाय फोर जीप. घर डांबरी रस्त्यावर उभं करायचं, जीप सोडवायची आणि वाळूत शिरायचं, असं नवऱ्यानं मला समजावून सांगितलं. सांगताना त्याचे डोळे असे लकाकत होते की मी ओळखलं, हे आपल्याला विचारणं नाही, कळवणं आहे. काय देऊन घेतलं ते मी इथे लिहीत नाही, कारण सासूबाई अजून ठणठणीत आहेत आणि त्या सगळं वाचतात.

खोटं कशाला बोलू, मलाही ते घर बघून उकळ्या फुटल्या होत्या. मी मोठीचं नाव थोरली ठेवलं आणि जीपचं धाकटी. आमची लेक तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की इंग्रजी. ती म्हणाली, “थोरली इज द मम्मा अँड धाकटी इज द बेबी.” थोरली म्हणजे आई नाही गं, असं मी तिला सांगत बसले, पण तिचं तेच पक्कं झालं.

नवऱ्याला नवं काम मिळालं ते पार पश्चिमेकडे, मदिनत झायदच्या पलीकडच्या वाळवंटात. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरकारनं मैलोन्‌मैल झाडं लावली आहेत आणि त्यांना पाणी द्यायला आत वाळूत जागोजागी पंपघरं आहेत. ते पंप फिरतीवर तपासायचे आणि रोजचा रिपोर्ट द्यायचा, असं ते काम. राहायला कंपनीचा कॅम्प, पण फक्त बॅचलरांसाठी, म्हणजे बायकामुलांशिवाय राहणाऱ्यांसाठी. कॅम्पमध्ये गेलेल्या प्रत्येकाचं कुटुंब इंडियाला गेलेलं होतं. आमचंही तसंच ठरल्यात जमा होतं. मी आणि लेक पुण्याला, आणि हा वर्षातून एकदा महिनाभरासाठी पाहुणा.

मग हा त्याच्या नव्या साहेबांकडे गेला. साहेब जॉर्डनचे, वयस्कर, तोंडानं फटकळ. यानं त्यांना सांगितलं, की मला कॅम्पची खोली नको, कंपनीची पिकअप नको, माझं घर माझ्याबरोबर फिरेल आणि आत जायला माझी स्वतःची जीप आहे. साहेब म्हणाले, “हबीबी, यू लिव्ह ऑन द मून, आय डोन्ट केअर. एव्हरी डे रिपोर्ट मस्ट कम.” घरी येऊन यानं मला ते वाक्य त्यांच्या आवाजात करून दाखवलं. आम्ही दोघं पॅकिंगच्या खोक्यावर बसून वेड्यासारखे हसलो.

सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आलेल्या होत्या. आम्ही एकत्र राहणार हे कळल्यावर सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला, आणि त्याला कारण होतं. सासरे जन्मभर बहारीनला फिटर होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. मधल्या काळात त्यांचा आवाज कॅसेटवर यायचा. कुणी ओळखीचं येणार असलं की त्याच्याबरोबर ते बोलून भरलेली कॅसेट पाठवायचे. सासूबाई ती स्वयंपाकघरात लावायच्या. कॅसेटमध्ये सासरे विचारायचे, “जेवलीस का?” आणि पोळ्या लाटता लाटता सासूबाई टेपरेकॉर्डरला सांगायच्या, “हो, आत्ताच.” हे मला नवऱ्यानं लग्नानंतर सांगितलं होतं. त्यांनी स्वतः कधीच नाही.

दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा नाही असं कसं चालेल? नवऱ्यानं आदल्या दिवशी उत्साहाच्या भरात दोन्ही गाड्या धुतल्या, आणि मधल्या लोखंडी दांडीला, तिच्या कड्यांना, बिजागऱ्यांना चांगला दोन हात चकचकीत काळा रंग दिला. सकाळी सासूबाई हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ आणि नारळ घेऊन खाली उतरल्या. पार्किंगमध्ये प्रश्न उभा राहिला, की नारळ एक आणि गाड्या दोन, तर फोडायचा कुणापुढे?

“थोरलीपुढे,” नवरा म्हणाला. “घर तेच आहे.”

“वाळूत जायची धाकटी आहे. अडकली तर ती अडकणार,” मी म्हटलं.

सासूबाईंनी आमच्या दोघांकडे दुर्लक्ष केलं. त्या पदर खोचून दोन गाड्यांच्या मधे शिरल्या. दांडीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, शेजारच्या त्या गोल सॉकेटलाही वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नारळ दांडीवरच आपटून फोडला. म्हणाल्या, “पुढचीला नको न्‌ मागचीलाही नको. जोड टिकला पाहिजे.” नारळाचं पाणी दांडीवर, सॉकेटवर, माझ्या चपलांवर सगळीकडे उडालं. आम्ही खोबरं वाटलं, वॉचमनलाही दिलं, आणि पुढच्या आठवड्यात सासूबाईंना विमानात बसवून आम्ही पश्चिमेला निघालो.

आता ते गोल सॉकेट काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच घडतं. धाकटीला मागून ओढत न्यायची तर तिची किल्ली अर्धी फिरवून ठेवावी लागायची, नाहीतर तिचं स्टिअरिंग लॉक व्हायचं आणि पुढची चाकं वळायची नाहीत. किल्ली अर्धी फिरवलेली म्हणजे धाकटीची बॅटरी वाटभर हळूहळू संपत राहणार. ती भरून निघावी म्हणून थोरलीच्या इंजिनापासून एक केबल मागे येत होती. केबलच्या टोकाला हे सॉकेट, त्यात धाकटीचा प्लग. थोरली चालली की तिच्या कमाईवर धाकटीची बॅटरी चार्ज व्हायची आणि तिचे मागचे दिवेही लागायचे. निदान व्हायला हवी होती.

पहिले दिवस किती मजेचे गेले! सकाळी झाडांच्या एका रांगेशी जागं व्हायचं, दुपारी दुसरीशी थांबायचं. खिडकीबाहेर उंट. लेकीला अंघोळ घालताना पाणी वाचवायचं म्हणून आम्ही एका बादलीत तिघांचं भागवायला शिकलो. मी इवल्याशा शेगडीवर साबुदाण्याची खिचडी केली तेव्हा नवरा म्हणाला, की फ्लॅटमध्ये असताना तुझी खिचडी इतकी चांगली होत नव्हती. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग एका सकाळी धाकटी सोडवून नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि आवाज आला, टक. फक्त टक. जोडाजोडीच्या तारा लावून थोरलीच्या बॅटरीवरून तिला चालू केलं. दोन दिवसांनी पुन्हा टक. सुट्टीच्या दिवशी आम्ही एवढं सगळं लटांबर घेऊन अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पेशावरकडच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. “मॅडम, बॅटरी बैठ गया. नया डालो, खलास.”

मोजल्याशिवाय बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेला आहे, लग्नाआधी चिंचवडच्या एका लॅबमध्ये लोकांचे मीटर तपासून द्यायचं काम करत होते, आणि लग्नात माहेराहून जी एक गोष्ट मी हट्टानं आणली ती म्हणजे माझा स्वतःचा मल्टिमीटर. पण त्या दिवशी ऊन होतं, लेक कुरकुरत होती आणि नवऱ्याला घाई. नवी बॅटरी टाकली. आठवड्यात पुन्हा टक. पुन्हा मुसफ्फा. या वेळी त्या मेकॅनिकनं दोन्ही गाड्या वेगवेगळ्या चालू करून व्यवस्थित तपासल्या आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, “दोनों गाडी फर्स्ट क्लास. कोई फॉल्ट नहीं.” आणि तो खरंच बोलत होता. थोरली ठणठणीत होती, धाकटीही ठणठणीत होती, आणि तरी एकीच्या मागून गेली की दुसरी मलूल पडत होती.

आणि मग तो दिवस आला. आम्ही थोरली नेहमीसारखी रस्त्याकडेला लावली. धाकटीला तारा लावून चालू केलं आणि नवरा आतल्या एका पंपघराकडे गेला. पंपाच्या बेअरिंगचा आवाज ऐकायचा तर जीपचं इंजिन बंद करावंच लागायचं. त्यानं बंद केलं; तेवढ्याशा वाटेत बॅटरी काही भरली नव्हती. परत आल्यावर टक. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, पंपघरात फोन नव्हता. मी इकडे रस्त्यावर वाट बघत बसले. आधी चिडले, मग घाबरले. लेकीला गोष्ट सांगत होते आणि गोष्टीतला राजा सारखा विसरत होते. दुपार टळल्यावर झाडांमधून एक ट्रॅक्टर आला, त्याच्या मागे दोरीनं बांधलेली धाकटी, आणि तिच्यात धुळीनं पांढरा झालेला माझा नवरा. बागेतल्या बांगलादेशी मजुरांना तो चालत चालत शोधून काढायला लागला होता. मी त्याच्यावर ओरडले, मग रडले, मग त्याला ताक दिलं.

रिपोर्ट अर्थातच गेला नव्हता. रेंजमध्ये आल्याबरोबर साहेबांचा फोन. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. “माय फ्रेंड, आय लाइक यू. बट वन मोअर टाइम, खलास. यू गो कॅम्प, फॅमिली गो इंडिया.” त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. वाळूत एकटा माणूस अडकणं ही गंमत नव्हे. पण फोन ठेवल्यावर नवरा माझ्याकडे बघेना, आणि मला एकदम स्वयंपाकघरातला तो टेपरेकॉर्डर दिसला, जो मी कधी पाहिलेलाही नव्हता. आमच्या लेकीला तिचा बाप कॅसेटवरून, किंवा आताच्या काळात कॉम्प्युटरच्या पडद्यावरून, ‘जेवलीस का’ विचारणार, या कल्पनेनं माझं डोकंच फिरलं. त्या क्षणी मी ठरवलं की आता मुसफ्फा बंद. रविवारी सकाळी सगळ्यात आतल्या पंपघराची पाळी होती. मधे शुक्रवार-शनिवारची सुट्टी होती, आणि माझा मीटर होता.

शुक्रवारी आम्ही मिर्फाच्या किनाऱ्यावर जाऊन थांबलो. समोर संथ निळा समुद्र, वाळूवर चिटपाखरू नाही. लेकीला बादली आणि फावडं देऊन सावलीत बसवलं. नवऱ्याला थोरलीच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, की मी ओरडले की रेस द्यायची, एरवी एक शब्द बोलायचा नाही. मी मागे दोन गाड्यांच्या मधे मांडी घालून बसले. किती तरी वर्षांनी माझ्या हातात मीटर होता आणि पुढ्यात न सुटलेलं कोडं होतं. भीती होतीच, पण मला चक्क मजा येत होती.

पहिल्यांदा धाकटीची बॅटरी मोजली. बारा व्होल्ट आणि वर थोडंसं, म्हणजे दमलेली. थोरलीचं इंजिन चालू, प्लग लावलेला. खरं तर आता आकडा वर चढायला हवा. “रेस!” मी ओरडले. थोरली गुरगुरली. आकडा ढिम्म. म्हणजे मधे कुठेतरी वाट अडली होती. मी प्लग काढला आणि सॉकेटमध्येच मोजलं. लाल टोक चार्जिंगच्या पिनला, काळं टोक बंपरच्या लोखंडाला, जसं सगळे लावतात. साडेतेरा!

“येतंय की!” नवरा खिडकीतून डोकं काढून म्हणाला. त्याच्याच्यानं गप्प राहवलं नाही.

“येतंय इथपर्यंत. पुढे जात नाही.”

मग प्लग. मग धाकटीच्या बाजूची वायर, बोटांनी चाचपत, वाकवत, पार बॅटरीपर्यंत. अखंड. फ्यूज काढून उन्हात धरला, शाबूत. दुसरा टाकला, तेच. दिवे लावून बघितले. दिवे लागत होते, पण मला ते जरा पिवळट वाटले, आणि इंडिकेटर दिला की शेजारचा ब्रेकचा दिवाही उगाच मिचमिचत होता. ते मी डोक्यात ठेवलं, पण त्याचा अर्थ लागेना. पुन्हा सॉकेट मोजलं. पुन्हा साडेतेरा. प्लग लावला की पुन्हा ढिम्म. माझी पाठ भरून आली. दुपार झाली. नवऱ्यानं वरणभाताचा कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, लेकीनं खाऊन घेतलं, आणि मी अजून तिथेच.

शेवटी तो खाली उतरला आणि माझ्या शेजारी वाळूत बसला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. “सोड गं आता. तू तरी किती करशील? जाऊ दे. तिकिटं बघू या तुमची. खरंच, याला काही अर्थ नाही.”

“काय म्हणालास?”

“म्हटलं, काही अर्थ नाही याला.”

मी अशी किंचाळले, की लेक फावडं टाकून पळत आली. “अर्थ नाही! अरे, अर्थच नाही याला! अर्थ!”

नवऱ्याला वाटलं, मला ऊन लागलं. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. मी तो झटकला. आपल्याकडचा कुठलाही वायरमन बघा, जमिनीच्या जोडणीच्या वायरीला तो अर्थ म्हणतो. गाडीत तीच परतीची वाट. वीज एका वाटेनं जाते तशी तिला दुसऱ्या वाटेनं परत यावं लागतं, नाहीतर ती निघतच नाही. मी सकाळपासून जायची वाट तपासत बसले होते. परतीच्या वाटेकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण मोजताना मी काळं टोक दर वेळी बंपरला लावत होते, सॉकेटमधल्या अर्थच्या पिनला नाही. मीटर बिचारा बंपरवरून परत येत होता आणि मला सांगत होता की सगळं छान आहे.

“जोडाजोडीची काळी तार आण,” मी म्हटलं. “पळ!”

तो पळाला. मी त्या तारेचा एक चिमटा थोरलीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला लावला आणि दुसरा धाकटीच्या. लाल तार लावलीच नाही. “आता रेस दे.” थोरली गुरगुरली, आणि माझ्या हातातल्या मीटरचे आकडे हलले. बारा पूर्णांक एक. तीन. सात. मग तेरा. तेरा ओलांडून वर! मागचे दिवे बघितले तर पिवळटपणा जाऊन लखलखीत लाल झालेले. मी उठून नाचायला लागले. माझी सलवार गुडघ्यापर्यंत वाळूनं भरली होती, हात काळे झाले होते, आणि मी समुद्राकडे तोंड करून ओरडत होते, “आला! अर्थ आला!” लेकही माझ्याभोवती उड्या मारत होती. “अर्थ आला! अर्थ आला! मम्मा, हू इज अर्थ?”

नवरा इंजिन बंद करून आला आणि त्यानं विचारलं, “पण मग सॉकेटमधला अर्थ गेला कुठे?”

मी सॉकेटचं झाकण उघडून आत टॉर्च मारली. इतका वेळ मी त्यात लाल टोक खुपसत होते, पण नीट डोकावून बघितलं नव्हतं. अर्थची पिन सगळ्यात खालची होती. ती दिसतच नव्हती. तिच्यावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढली होती, आणि त्या पुटांत काहीतरी लालसर-पिवळं घट्ट बसलेलं. मी टाचणीनं कोरलं. पहिला बाहेर आला तो तांदळाचा दाणा.

आम्ही दोघांनी त्या दाण्याकडे बघितलं. मग एकमेकांकडे.

“आई,” नवरा म्हणाला.

नारळाचं पाणी सॉकेटमध्ये गेलं होतं आणि तळाशी साचून त्यानं पितळ खाल्लं होतं, वर हळदकुंकवाचा लेप. दिव्यांपुरती थोडीशी वीज कशीबशी झिरपत होती, बॅटरीला पुरेल एवढी नाही. “तरी दांडी लोखंडी आहे,” मी म्हटलं, “तिच्यातून तरी यायला हवी होती ना वीज.” हे बोलता बोलताच मला तो दोन हात चकचकीत काळा रंग आठवला. तो कड्यांत, बिजागऱ्यांत सगळीकडे भरलेला होता. परतीच्या दोन वाटा होत्या. एक आईनं बंद केली होती आणि एक लेकानं. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला, आणि मग त्यानं डोळे पुसले. ते डोळे नुसते हसण्यानं भरले नव्हते हे मला दिसत होतं.

पितळ कशानं घासायचं हे शिकायला मला डिप्लोमा लागत नाही. मी चिंच भिजत घातली. जुना टूथब्रश, चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन ती पिन घासली, देव्हाऱ्यातली निरांजनं घासावीत तशी. शेवटी ती सोन्यासारखी पिवळी निघाली. धुतली, पुसली, सुकवली, वर व्हॅसलीन लावलं. तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून एक वेगळी जाड काळी वायर थोरलीच्या चासीपासून धाकटीच्या चासीपर्यंत कायमची बसवली. नवरा म्हणाला, “दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलास का?” शनिवारी आम्ही गरज नसताना गाड्या तशाच जोडून मदिनत झायदपर्यंत गेलो आणि परत आलो. उतरल्यावर मी धाकटीची किल्ली स्वतः फिरवली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि लेकीनं टाळ्या पिटल्या.

पण खरी परीक्षा रविवारी होती. थोरली रस्त्याकडेला उभी केली, धाकटी सोडवली. नवरा सीटवर बसला, माझ्याकडे बघून त्यानं किल्ली फिरवली आणि ती बिनतारेची सुरू झाली. “येतो,” तो म्हणाला आणि टेकाडामागे गेला. आत पंपघरापाशी तो इंजिन बंद करणार होता. मला माहीत होतं की ते सुरू होईल. मी मोजलेलं होतं. तरीही माझं लक्ष कशात लागेना. मी कणीक मळली आणि ती सैल झाली. पुन्हा पीठ घातलं, घट्ट झाली. लेक पायरीवर बसून टेकाडाकडे बघत होती. पोळ्या झाल्या, भाजी झाली, पुढे करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी पण तिच्या शेजारी जाऊन बसले.

आधी धूळ दिसली. त्या दिवशी ट्रॅक्टरच्या वेळीही आधी धूळच दिसली होती, म्हणून मी उठले नाही.

“मम्मा,” लेक ओरडली, “बेबी इज कमिंग! ऑल बाय हरसेल्फ!”

धाकटी टेकाडावरून उड्या मारत येत होती. पुढे ट्रॅक्टर नाही, दोरी नाही. नवरा एक हात बाहेर काढून हॉर्न वाजवत होता. त्या वाळवंटात तो हॉर्न ऐकायला आम्ही दोघी सोडून कुणी नव्हतं, पण तो वाजवतच राहिला. गाडीतून उतरून त्यानं लेकीला उचललं आणि मला विचारलं, “जेवायला काय आहे?” मला एवढा आनंद झाला होता की भाजी कशाची केली तेच मला आठवेना.

रिपोर्ट वेळेवर गेला. साहेबांचं दोन अक्षरी उत्तर आलं, “ओके.” त्यावर आम्ही शिरा केला.

संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर मी सासूबाईंना फोन लावला. नवरा पलीकडे टाकीत पाणी भरत होता. नारळाचं त्यांना मुळीच सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं, म्हातारीला उगाच लागेल म्हणून. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि त्या दिवशी तर मी नुसती उतू जात होते. मी सगळं सांगून टाकलं, दाण्यासकट, चिंचेसकट.

“म्हणजे माझ्या नारळानं केलं होय गं हे?” त्या म्हणाल्या.

“तुमच्या नारळानं आणि तुमच्या मुलाच्या रंगानं. दोघांनी मिळून.”

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, आपण चुकलो, बोलायला नको होतं. मग त्यांनी विचारलं, “आता चालू होतेय ना गाडी?”

“होतेय, आई. एका झटक्यात.”

“तो आत जाऊन आला?”

“आला. जेवायच्या वेळेला आला.”

“तुझ्या हातचं जेवला?”

“गरम पोळी. समोर बसून.”

“आणि उद्या?”

“उद्यापण येईल.”

मागे त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, तो त्यांनी बंद केलेला मला ऐकू आला.

“रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज,” मी म्हटलं.